ट्रंकेंतील त्रेचाळीस पावे

महाग छंदाची भीति घरांत सर्वांनाच असते. कोणी मोटारींचा किंवा उंची घड्याळांचा नाद धरला, तर आई, भाऊ, बायको सगळींच सावध होतात, आणि घरच्या जमाखर्चाचा आंकडा त्या नादास आपोआप लगाम घालतो. स्वस्त छंदाचें तसें नाहीं. त्याच्या दारावर पहारा नसतो. एक वस्तु घेतली तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. दुसरी घेतली तर 'एवढ्याशा वस्तूचें काय तें' असें म्हणून आपणच आपली समजूत घालतों. आणि कपाट भरल्यावर जेव्हां घरांत पहिला शब्द निघतो, तेव्हां ती संवय चांगलीच मुरलेली असते. या महिन्यांत अशाच एका स्वस्त वस्तूविषयीं लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे पत्र्याचा पावा.

ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडें वर्णन करितों. सुमारें फूटभर लांबीची पत्र्याची अथवा पितळेची नळी, तिला समोरून सहा छिद्रें, आणि तोंडाशीं मुलांच्या शिट्टीसारखी चोंच. आपल्या आडव्या बासरींत ओठांचा कोन साधेपर्यंत महिना-महिना नुसता वारा निघतो. येथें ती अडचण नाहीं. फुंकर घातली कीं स्वर निघालाच, आणि जरा जोरानें फुंकलें कीं तोच स्वर वरच्या सप्तकांत जातो. आपल्या अलगुजाचा हा विलायती भाऊबंदच म्हणावयाचा. अंगारकीला राजूरच्या गणपतीस नेलेलें मूल परत येतांना वाटभर जी पिपाणी फुंकीत येतें, ती मात्र निराळी. पिपाणी दोन दिवसांत मोडते आणि घरास शांतता मिळते. पाव्यांत गाणें वाजवितां येतें, म्हणून तो टिकतो, आणि म्हणूनच त्याचा मोहहि टिकतो.

हा पावा बाजारांत आणण्याचें श्रेय रॉबर्ट क्लार्क नांवाच्या एका इंग्रज शेतमजुराकडे जातें. सफोक परगण्यांतील कोनी वेस्टन या खेड्यांत तो राहात असे. त्याच्याजवळ एक लांकडी पावा होता. तसाच पावा त्यानें कथलाचा हात दिलेल्या पत्र्याचा करून पाहिला. तो साधला तेव्हां १८४३ सालीं हत्यारें व पत्रा हातगाडीवर घालून, मुलास बरोबर घेऊन, तो पायीं मँचेस्टरच्या वाटेला लागला. वाटेंत गांव लागलें कीं पावा वाजवून दाखवावा व विकावा, असा त्याचा क्रम होता. पत्रा गुंडाळून केलेली निमुळती नळी आणि तोंडाशीं लांकडाची खुंटी, एवढेंच तें सर्व यंत्र. क्लार्कच्या नांवाचे पावे आजहि त्याच घाटाचे निघतात. गरिबाच्या मुलासहि परवडणारा, म्हणून इंग्रजींत त्याला 'पेनी व्हिसल' म्हणतात. १९५० नंतरच्या दहा वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या गरीब वस्त्यांतील काळ्या मुलांनीं रस्त्यावर हाच पावा वाजवून 'क्वेला' नांवाचें एक संगीत उभें केलें. स्पोक्स माशियाने हें त्यांतील मोठें नांव.

आमच्या या लेखाचा विषय घडला तो जालना जिल्ह्यांत. तेव्हां फुंकून वाजविण्याच्या वाद्यांची त्याच जिल्ह्यांतील एक जुनी गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. ती रणांगणावरची आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्लीची लढाई झाली, हें आपण सर्वांनींच शाळेंत वाचलें आहे. वेलस्लीच्या बाजूस ७८ वी हायलंडर पलटण होती. तिची हकीकत डेव्हिड स्ट्युअर्ट या स्कॉटिश लेखकानें लिहून ठेविली आहे. लढाईच्या वेळीं वाजंत्र्यांनीं वाद्यें ठेवून जखमींस उचलावें असा हुकूम होता. पलटणींतील एका पायपरानें, म्हणजे मशकीचें वाद्य वाजविणाऱ्यानें, तो हुकूम आपणांसहि लागू आहे असें समजून वाद्य खालीं ठेविलें व तो जखमींच्या मदतीस लागला. काम पुण्याचें, परंतु सोबत्यांनीं मागाहून त्यास फार टोचून बोलून घेतलें. बासरीवाले गेले तर गेले, पण ऐन लढाईंत पायपरानें त्या शिट्टीवाल्यांबरोबर पिछाडीस जावें, हें त्यांस खपलें नाहीं! पुढें अडगांवच्या लढाईंत त्यानें आवेशानें वाजवून ती उणीव भरून काढली असें म्हणतात. बिचाऱ्या शिट्टीवाल्यांना हलकें लेखणारा हा अभिप्राय आम्हांस मान्य नाहीं. परंतु वाद्याची किंमत तें वेळेवर सोबत्यांच्या कानीं पडण्यांत आहे, ही त्या शिपायांची समजूत मात्र आम्हांस अगदीं खरी वाटते. पुढील हकीकत याच एका कसोटीवर पाहावयाची आहे.

जालना शहरांत आमच्या आप्तांचें एकत्र कुटुंब आहे. तीन भाऊ, त्यांच्या बायका, पांच मुलें आणि वृद्ध आई. मधले भाऊ शाळेंत गणित शिकवितात; घरांतील मुलें त्यांना नानाकाका म्हणतात, आणि येथेंहि तेंच नांव चालेल. लोखंडी सळयांचे कारखाने ही ज्या शहराची ओळख, तेथें एका माणसास धातूच्या नळीचें वेड लागावें यांत मोठेंसें नवल नाहीं. तरी या वेडाचें मूळ निराळें आहे. नानांच्या वडिलांची एक वेळूची बासरी होती. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत वेळू तडकतो. त्यास वेळच्या वेळीं तेल द्यावें लागतें. वडील गेल्यावर एका वैशाखांत तें राहून गेलें आणि बासरी उभी चिरली. 'धातूची नळी तडकत नाहीं' असें म्हणून नानांनीं पहिला पत्र्याचा पावा मागविला. हें कारण खोटें नव्हतें. त्या वर्षीं ते रोज रात्रीं जेवणानंतर अर्धा तास वाजवीत, आणि आई अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकत.

दुसरा पावा आला तो निराळ्या पट्टीचा म्हणून. येथें नानांची बाजू न्यायानें मांडली पाहिजे, कारण घरांतील बायकांना ती कोणीं नीट समजावून सांगितलेली दिसत नाहीं. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या कीं स्वर बदलतो; पेटीवर हवी ती काळी-पांढरी धरतां येते; नळीला तसें करतां येत नाहीं. छिद्रें एकदां पाडलीं कीं पट्टी कायमची ठरली. सहाहि छिद्रें झांकून जो स्वर निघतो, त्यावरून विलायतेंत पाव्याला नांव देतात. आपल्या बासरीच्या पद्धतीनें वरचीं तीन छिद्रें झांकून निघणारा स्वर षड्ज मानला, तर पांढरी दोनचा पावा पांढरी पांचमध्यें वाजतो. गाणारीची पट्टी काळी चार असेल, तर पावा काळी दोनचा पाहिजे. तेव्हां घरांत तीन गळे गाणारे असतील तर तीन पावे लागणार, यांत उधळपट्टी कांहींच नाहीं. 'जनरेशन' या नांवाचे विलायती पावे सहा पट्ट्यांत मिळतात. प्रत्येक पट्टींत एक पितळी आणि एक निकेलचा मुलामा दिलेला. सहा दुणे बारा. म्हणजे बारांपर्यंत कारखानदाराची यादीच माणसाला बोट धरून नेते.

नानांच्या लोखंडी ट्रंकेंत आम्हीं मोजले तेव्हां त्रेचाळीस होते.

गणिताचे शिक्षक असल्यामुळें त्यांनीं एक वही घातली आहे. तारीख, पट्टी, धातु, किंमत असे चार रकाने. अक्षर सुरेख. पहिल्या दोन वर्षांचे चारी रकाने भरलेले आहेत; पुढें पुढें किंमतीचा रकाना कोरा आहे. पार्सलेंहि घरीं येण्याचें बंद होऊन शाळेच्या पत्त्यावर येऊं लागलीं होतीं. घरचा जमाखर्च थोरल्या वहिनी पाहतात. त्यांनीं आमच्यासमोरच एकदां विचारलें,

"भावजी, हा कितवा?"

"वहिनी, हा निराळ्या पट्टीचा आहे."

"तें मागच्या वेळींहि म्हणालां होतां."

"मागचा पितळी होता."

वहिनी हंसल्या आणि आंत गेल्या. नानांच्या पत्नी तेथेंच भाजी निवडीत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या कीं, "पैशांचें मला कांहीं वाटत नाहीं. पूर्वीं जेवणानंतर अर्धा तास वाजवीत असत. आतां तोच अर्धा तास मोबाईलवर पावे पाहण्यांत जातो." आम्हांस वाटतें, या विषयावर याहून अधिक नेमकें कोणी बोलणार नाहीं.

भाद्रपदांत गणपतीच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्याकडे होतों. थोरल्या भावाची मुलगी गाण्याच्या वर्गास जाते. तिची पट्टी काळी चार. संध्याकाळच्या आरतीनंतर ती एक भजन म्हणणार होती, आणि 'नानाकाका, तुम्ही साथ करा हं' असें तिनें आठ दिवस आधींच सांगून ठेविलें होतें. धाकट्या भावानें पेटी धरली. नाना ट्रंक घेऊन बसले. काळी दोनचे पावे तींत तीन होते. पितळी काढला, हळूच फुंकून पाहिला, ठेविला. निकेलचा काढला, त्याच्या चोंचीच्या फटींत थुंकी अडकून स्वर घोगरा येत होता, तो झटकला, पुसला, ठेविला. तिसरा अॅल्युमिनियमचा, नवा. त्याचीं छिद्रें किंचित् अधिक अंतरावर, त्यामुळें बोटें चुकूं लागलीं. पुन्हा पितळी हातीं घेतला. इतक्यांत मुलीचें धृपद होऊन अंतरा सुरू झाला होता. ती एकदोनदां काकांकडे पाहून थांबल्यासारखी झाली, मग पेटीबरोबरच तिनें भजन संपविलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. प्रसाद वाटला गेला. नाना ट्रंक बंद करीत होते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना.

असईच्या पायपराजवळ वाद्य एकच होतें, आणि तें एकदांच वाजलें नाहीं. येथें साथीस त्रेचाळीस होते.

अधिक पावे झाल्यानें वादन वाढत तर नाहींच, उलट घटतें, याचें एक साधें कारण आहे. प्रत्येक पट्टीच्या नळीची लांबी निराळी, म्हणून छिद्रांतील अंतरहि निराळें. खालच्या पट्टीच्या पाव्यावर बोटें ताणावीं लागतात, वरच्या पट्टीच्या पाव्यावर तीं एकमेकांस चिकटतात. कोमल स्वर काढावयाचा तर छिद्र अर्धेंच झांकावयाचें असतें. तें 'अर्धें' म्हणजे किती, हें डोक्यास कळून भागत नाहीं, बोटाला कळावें लागतें, आणि बोटाला कळावयास एकाच नळीवर महिने जातात. नवी नळी आली कीं बोटाचें शिक्षण पुन्हां पहिल्यापासून. त्यांत हवा तापली कीं नळीचा स्वर चढतो, हा तिचा धर्म आहे. वैशाखांत पावा पेटीशीं जुळेना, तेव्हां नानांनीं दोष पाव्याला दिला आणि 'उन्हाळ्यासाठीं' म्हणून आणखी एक मागविला!

पुष्कळ नळ्या हाताळणें हा दोष आहे असें मात्र कोणी समजूं नये. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं बासरीस ख्याल-गायकीच्या तोडीस आणण्यासाठीं धातूच्या आणि निरनिराळ्या लांकडांच्या नळ्या करून पाहिल्या होत्या, आणि अखेर सुमारें बत्तीस इंच लांबीच्या वेळूवर ते स्थिरावले. त्यांच्या शोधाला शेवट होता, कारण जो गंभीर स्वर हवा तो कानांत आधींपासून होता, व नळी त्याच्याशीं ताडून पाहावयाची होती. नानांना कोणता स्वर हवा आहे, असें आम्हीं त्यांस विचारलें. ते बराच वेळ विचार करीत राहिले, आणि म्हणाले, "बाबांच्या बासरीसारखा." तो फूटभर पत्र्याच्या नळींतून निघणार नाहीं, हें त्यांनाहि ठाऊक आहे. मग ते मागवितात तें काय? आमच्या मतें ते नवेपण मागवितात. नव्या पाव्यानें अजून आपणांस बेसुरें पाडलेलें नसतें. पार्सल वाटेंत असतें तोंवर त्यांतून बाबांची बासरी वाजणें शक्य असतें. उघडलें आणि फुंकलें कीं चार दिवसांत तोहि बाकीच्यांसारखाच होतो. दुकानदाराला हें आपल्याआधीं कळलेलें असतें, आणि मोबाईलवरील दुकान तर एक पावा पाहिला कीं शेजारीं दुसरे सहा मांडून ठेवितें.

नानांचें म्हणणें असें पडलें कीं, संग्रह करणाऱ्यांची सगळ्यांनीं अशीच थट्टा केलेली आहे, आणि मग त्यांच्याच नांवानें संग्रहालयें उभीं राहिलीं. उदाहरण त्यांनीं पुण्याच्या केळकर संग्रहालयाचें दिलें. उदाहरण मोठें आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे कवि 'अज्ञातवासी', यांचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. १९६० पर्यंत त्या पंधरा हजारांच्या घरांत गेल्या. त्यांत दिवे, अडकित्ते, दरवाजे आहेत आणि वाद्यांचा मोठा संग्रहहि आहे. १९७५ सालीं त्यांनीं तो सर्व ठेवा महाराष्ट्र सरकारच्या पुराणवस्तु खात्याच्या हवालीं केला. लहानपणींच गेलेल्या राजा या मुलाच्या नांवानें तें संग्रहालय आज ओळखलें जातें, आणि त्यांत वीस हजारांवर वस्तु आहेत. (मांडलेल्या मात्र अडीच हजारच, जागेची तक्रार संग्रहाला सुटत नाहीं, मग तो सरकारी असो वा घरगुती.)

परंतु केळकरांनीं घेतलेला अडकित्ता त्यांनीं घेतला नसता तर मोडीच्या भट्टींत गेला असता. त्यासारखा दुसरा नव्हता. नानांचा पावा त्यांनीं घेतला नाहीं तर दुसरा कोणी घेईल, आणि उद्यां कारखान्यांतून तसेच शंभर निघतील. शिवाय केळकरांचें धन शेवटीं लोकांपुढें उघडें झालें. येथें ट्रंकेला कुलूप होतें, आणि घरांतील सात वर्षांच्या मुलास 'हात लावूं नकोस, थुंकी जाईल' असें सांगण्यांत आलें होतें. आम्हीं हें नानांस स्पष्ट सांगितलें. त्यांस तें रुचलें नाहीं, आणि त्या रात्रीं आमच्याशीं ते फारसें बोलले नाहींत.

आतां अशा वेळीं घरांतील माणसांनीं करावें काय? थोरल्या भावाचा विचार सरळ बंदीचा होता. आम्हांस तो पसंत नाहीं. एकत्र कुटुंबांत बंदी घातली कीं वस्तु यावयाच्या थांबत नाहींत, त्या फक्त शाळेच्या पत्त्यावर येतात. आणि पन्नाशीच्या माणसास सर्वांदेखत लहान मूल केल्याची जखम पाव्यांच्या खर्चाहून महाग पडते. थट्टाहि बरी नव्हे. घरांत तिला विनोद म्हणतात, पण लपवालपवी बहुतेक थट्टेपासूनच सुरू होते. नानांनीं किंमतीचा रकाना कोरा ठेविला तो भावांच्या भीतीनें नव्हे, 'आला का आणखी एक?' या प्रश्नाच्या कंटाळ्यानें, असें त्यांनीं आम्हांस मागाहून सांगितलें.

निकाल केला तो आईंनीं. गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ट्रंक ओसरीवर आणविली आणि पांचहि मुलांना बोलाविलें. प्रत्येकानें एक पावा निवडावयाचा, आणि नानांनीं त्याच पाव्यावर त्याला शिकवावयाचें. नाना म्हणाले, "आई, ते मोडतील." आई म्हणाल्या, "मोडूं देत. तुझ्या बाबांची कोणीं न वाजवितां मोडली." यावर उत्तर नव्हतें. वहिनींनीं आपली एकच अट जोडली: पार्सल घरच्या पत्त्यावर यावें आणि वहींतील किंमतीचा रकाना भरावा, किती घ्यावे तें त्यांचें त्यांनीं पाहावें. वहिनींच्या या शहाणपणाचें आम्हांस फार कौतुक वाटतें. खर्च करणाऱ्यानें आपला आंकडा स्वतःच्या हातानें लिहावयाचा आणि ज्याला पाहावयाचें त्यानें तो पाहावा, यापलीकडे घरच्या कारभारांत फारशी युक्ति लागत नाहीं.

दिवाळींत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां सकाळीं सहा वाजतां झोपमोड झाली. सात वर्षांचा चिरंजीव निकेलच्या काळी दोनवर तेच तीन स्वर पुन्हां पुन्हां वाजवीत होता, आणि न्हाणीघरांतून नाना ओरडत होते, "तिसरें बोट! तिसरें बोट नीट झांक!" दोन मुलांनीं आठ दिवसांतच नाद सोडला होता, एकीनें आपला पावा मैत्रिणीला देऊन टाकला होता, आणि त्यावरून थोडी रडारडहि झाली होती. थोरल्या मुलीबरोबर मात्र नाना पितळी पाव्यावर रोज बसतात. भजनाचा अंतरा अजून त्यांना जमत नाहीं, धृपद जमतें. वहींतील किंमतीचा रकाना त्यांनीं मागचा सगळा भरून काढला आहे. बेरीज खालीं लिहिली आहे, ती आम्हीं वाचली, पण येथें देत नाहीं.

चव्वेचाळीसावा पावा मार्गशीर्षांत आला. घरच्या पत्त्यावर आला, सर्वांसमोर उघडला गेला, किंमत वहींत आहे. पुन्हां काळी दोनचाच आहे, असें वहिनींनीं पत्रांत कळविलें आहे.